बाया थुंकत नाहीत

छातीत दुखतंय म्हणून आलेल्या रोगिणीला सुभद्राबाई पोटाचं विचारायच्या. नाडी बघून, पाठीला नळी लावून झाली की चष्मा कपाळावर सरकवून म्हणायच्या, "परसाकडे रोज होते का?" ती पोर गोंधळून जायची. खोकल्याचा आणि परसाकडचा काय संबंध हे तिला कळत नसे, आणि तिच्याबरोबर आलेल्या सासूला तर मुळीच कळत नसे. सुभद्राबाई समजावत बसत नसत. कोपऱ्यातल्या टोपलीतून घासून पुसून ठेवलेली नारळाची करवंटी काढायच्या आणि पोरीच्या हातात द्यायच्या. "उद्या सकाळची यात आण. सुपारीएवढी पुरे. वरून केळीचं पान बांध. राख टाकू नको, माती टाकू नको." सासू पदर तोंडाला लावून दाराकडे बघायची. त्या करवंट्यांतल्या निम्म्याहून अधिक परत येत नसत.

रत्नागिरीत मांडवीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर त्यांचा दवाखाना होता. पुढे दोन बाकडी टाकलेली खोली, मागे पडवी. मुंबईत नर्सिंग शिकून मी गावी परतले, तेव्हा वडील नुकतेच गेले होते आणि घरात मिळवतं कोणी नव्हतं. बाईंनी मला उभ्या उभ्या एकच प्रश्न विचारला, "तुला घाण वाटते का गो?" मी म्हटलं, वाटते. "मलाही वाटते," त्या म्हणाल्या, "ये उद्यापासून." त्या दिवसापासून त्या दवाखाना बंद करून गेल्या तोवर मी त्यांच्याजवळ होते.

उंच, हाडकुळी, पुढे वाकलेली बाई. नऊवारी सुती लुगडं, पायांत जाड वहाणा, कपाळ मोकळं. लग्न झालं होतं असं लोक म्हणत. नवरा कुठे होता, होता की नव्हता, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. मुंबईहून डॉक्टर होऊन आलेली बाई गावात नवलाची होती, पण नवल फार दिवस टिकत नाही. मी आले तेव्हा बाळंतपणं, खरूज, हिवताप आणि खोकला यांत त्या पार पिचून गेलेल्या होत्या. "दमले गो" हे त्यांचं पालुपद. दुसरी माणसं बसताना "राम राम" म्हणतात तसं त्या म्हणत. त्यात तक्रार नसे. सकाळी पहिला रोगी यायच्या आधीही त्या दमलेल्याच असत, आणि तरी शेवटचा रोगी जाईपर्यंत उठत नसत.

मागच्या पडवीत खिडकीशी त्यांचं सूक्ष्मदर्शक यंत्र होतं. नमुना मिठाच्या पाण्यात घोटायचा, फडक्यातून गाळायचा, नळीत भरून हातानं फिरवायच्या यंत्रात गरगरा फिरवायचा. ते फिरवणं माझ्याकडे. नळीच्या तळाशी बसलेला गाळ काचेच्या पट्टीवर पसरायचा, त्यावर लाल रंग ओतून खालून स्पिरिटचा दिवा धरायचा, मग आम्लानं धुवायचं आणि निळा रंग द्यायचा. आम्लानं बाकी सगळ्याचा लाल रंग निघून जातो, क्षयाचे जंतू तो सोडत नाहीत. निळ्यात लाल बारीक काड्या दिसल्या की समजायचं. पण बाई एवढ्यावर कधी विश्वास ठेवत नसत. गवतात, लोण्यातही तसलेच लाल रंग धरणारे जंतू असतात, ते पोटातून तसेच बाहेर पडतात, म्हणून त्या वेगवेगळ्या दिवशींचे नमुने मागत, आणि सगळ्यांत दिसल्याशिवाय तोंड उघडत नसत. यंत्राला उजेड खिडकीतून आरशावर पडायचा तेवढाच. आषाढ-श्रावणात दुपारीही काही दिसेनासं होई. दमट हवेनं भिंगांवर बुरशी धरे, म्हणून ती भाजलेल्या तांदळांच्या डब्यात पुरून ठेवायची, आणि तांदूळ दर आठवड्याला पुन्हा भाजायचे. भिंगांचे ते तांदूळ शिजवून खाल्ले तर काय होईल, असं मी एकदा विचारलं. "दूरचं दिसेल," बाई म्हणाल्या. त्यांनी केलेल्या थट्टा मला बोटांवर मोजता येतील.

हे सगळं गावाला कळायचं तसं कळलं. मुलं रस्त्यात नाक धरून दाखवीत. शेजारच्या घरी चैत्रातल्या हळदीकुंकवाला मला बोलावलं, बाईंना नाही. मला राग आला. बाईंना आला नाही. "बरं झालं. उभं राहायचे कष्ट वाचले," म्हणाल्या आणि पाय पाटावर घेऊन डोळे मिटून बसल्या.

हे त्यांनी का आरंभलं, ते त्यांनी मला एकदाच नीट सांगितलं. दवाखान्यात एक लहानखुरी सून आली होती. बाईंनी तिला खोकून बेडका काढून दाखव म्हणून सांगितलं. पोरीनं खोकलं, आवंढा गिळला आणि काहीच येत नाही म्हणून मान हलवली. ती गेल्यावर बाई म्हणाल्या, "बघितलंस? पुरुष खाकरतो आणि अंगणात थुंकतो. बाया थुंकत नाहीत. सासऱ्यासमोर थुंकायचं नाही, चुलीजवळ थुंकायचं नाही, तुळशीसमोर नाही, विहिरीवर नाही. मग थुंकणार कुठे? गिळतात. लहान पोरांना तर थुंकताच येत नाही, तीही गिळतात. पण जे गिळलंय ते कुठून तरी येणारच की."

गावातले एक वयस्कर डॉक्टर बाईंशी सलोख्यानं वागत. ते पडवीत येऊन काचेतून बघून गेले, आणि जाताना म्हणाले, "दिसतं हे खरं. पण सुभद्राबाई, दिसल्यावर तुम्ही करणार काय? औषध कुठे आहे आपल्याजवळ?" ते कुचेष्टेनं बोलले नव्हते. बाईंनी भिंगं काढून तांदळांच्या डब्यात पुरली. त्या दिवशी त्यांनी जेवताना ताक दोनदा मागितलं, आणि दोन्ही वेळा तसंच ठेवलं.

भाट्याच्या खाडीपलीकडच्या एका वाडीतून भागीरथी नावाची म्हातारी सुनेला घेऊन आली, ती मिठाच्या सत्याग्रहाच्या पुढच्या वर्षी. म्हातारी तरतरीत, बोलायला फटकळ. तिचा नवरा मुंबईच्या गिरणीत होता, खोकत घरी आला आणि वर्षाच्या आत गेला. त्याला दमा होता, असं ती सांगे. आता मुलगा धोंडू त्याच गिरणीत होता. सून चंद्रा विशीची असेल, कडेवर दोन वर्षांची सोनी. संध्याकाळी अंगात कणकण, रात्री घाम, आणि लुगडं अंगावरून गळायला लागलेलं.

"कामाला उरली नाय वो ही," भागीरथी म्हणाली. "येक हंडा पानी आनते नि बसते. कुनाची नजर लागली का काय, बघा तुमी."

बाईंनी करवंटी दिली. चंद्रानं ती परत आणली, पुन्हा आणली. तिला लाज वाटत होती, पण सांगितलेलं ती नीट करी, पानाची गाठही नीट बांधी. प्रत्येक काचेवर लाल काड्या होत्या. बाईंनी सासूला आणि सुनेला समोर बसवून सांगितलं, आजार छातीचा आहे, पसरणारा आहे. हिला पडवीत उघड्या हवेला झोपवा. ताट-पेला वेगळा ठेवा. जड काम नको, अंडं द्या, दूध द्या. पोरीला तिच्या कुशीत झोपवू नका. भागीरथी प्रत्येक वाक्याला मान हलवीत होती. चंद्रा सोनीच्या झबल्याची गाठ सोडत आणि बांधत होती.

थोड्या दिवसांनी भागीरथी एकटीच आली. तिच्या चेहऱ्यावर सांगितलेलं काम पार पाडल्याचं समाधान होतं.

"तुमी सांगितलाव तशी येगळी केली," ती म्हणाली. "म्हायेरास धाडली."

बाई हात धूत होत्या. त्यांनी विचारलं, "आणि सोनी?"

"पोर माज्याजवल. दुधाची सवय मोडली. आता मीच भरवते, मीच निजवते."

"मी तिला पडवीत झोपवा म्हटलं होतं."

"पडवीत निजवली काय नि म्हायेरी निजवली काय, येगळीच ना? दुसऱ्याच्या घरातला रोग आमच्या घरात कशाला?" भागीरथीनं पदर खोचला. तिनं परड्यातला दुधी भोपळा आणला होता, तो बाकावर ठेवून ती गेली.

बाई किती तरी वेळ हात धूत राहिल्या. नंतर मला म्हणाल्या, "मालू, मी तिला औषध दिलं नाही. मी तिला घराबाहेर काढलं." मी म्हटलं, तुम्ही कुठे काढलंत. "मग कुणी काढलं?" त्या म्हणाल्या. "मी काही बोलले नसते तर ती आज आपल्या पोरीजवळ असती. मरायची असती तर तिथे मेली असती."

त्यानंतर त्यांनी यंत्रावर फडकं टाकलं. पावसाळा लागला होता, कोणी विचारलं तर म्हणत, "ढग आहेत, दिसत नाही." ते खरंही होतं. पण उघडीप पडली तरी फडकं निघालं नाही. करवंट्यांच्या टोपलीत मांजरीनं पिल्लं घातली, ती बाईंनी कुणाला हलवू दिली नाहीत.

दिवाळीनंतर भागीरथी सोनीला पाठीशी बांधून आली. पोरीच्या मानेत गाठी आल्या होत्या, पोट पुढे आणि हातपाय काटक्यांसारखे. महिनाभर बारीक ताप होता. बाईंनी तिला मांडीवर घेतलं, बराच वेळ पाठीला नळी लावली. मग फडकं काढलं. भिंगं डब्यातून काढून पुसायला त्यांना दुपार लागली.

सोनीच्या नमुन्यांत लाल काड्या होत्या. फार नव्हत्या, पण होत्या.

"आईकडून लागलं असेल," मी म्हटलं.

"असेल," बाई म्हणाल्या. "पण आई माहेरी गेल्याला किती महिने झाले? ती गेली तेव्हा पोर धडधाकट होती. मग आता पोरीजवळ कोण झोपतं?"

भागीरथी बाहेर बाकावर बसली होती. तिथून तिचा खोकला ऐकू येत होता. कोरडा, सवयीचा, कुणीही लक्ष देणार नाही असा. बाईंनी तिला आत बोलावून बेडका मागितला. तो येत नाही, ती म्हणाली. मशेरीनं घसा खवखवतो, नाहीतर नवऱ्याचा दमा लागलाय, दुसरं काही नाही. मग बाईंनी करवंटी पुढे केली. म्हातारी संतापली, पण पोरीसाठी हवं म्हटल्यावर तिनं ती घेतली.

तिच्या काचेवर काड्या इतक्या होत्या की मोजायची गरज नव्हती. बाईंनी मला बघायला बोलावलं, आणि मी यंत्रावरून डोळा काढला तरी त्या खिडकीतून बाहेरच बघत होत्या. "किती वर्षं घेऊन हिंडते आहे कोण जाणे," त्या म्हणाल्या. "हिनं नवऱ्याची सेवा केली, त्याच्याकडून घेतलं. सून आली, तिला दिलं. तिनं ते घरात आणलं नव्हतं. तिला ते त्याच घरात मिळालं."

मी म्हटलं, उद्या ती येईल तेव्हा सांगू. बाई म्हणाल्या, "नको. असलं माणसाला त्याच्या घरी जाऊन सांगायचं. इथे सांगितलं तर तिला एवढी वाट एकटीनं चालत जावं लागेल."

दुसऱ्या दिवशी आम्ही तरीच्या होडीतून खाडी ओलांडली. वाडी चढणीवर होती. बाई दर वळणावर थांबत होत्या, कातळावर हात टेकत होत्या. भागीरथी खळ्यात भात वारवत होती. आम्हांला बघून तिनं सूप ठेवलं, गूळपाणी आणलं. बाईंनी गुळाचा खडा तोंडात टाकला, तांब्यातलं पाणी प्यायल्या, आणि खळ्याच्या कडेला तिच्याशेजारी बसल्या.

"भागीरथी, तुझ्या खोकल्यातही तेच आहे. जे चंद्राच्या होतं."

म्हातारी हसली. "मना काय झालाय? मी दोन मान्सांचं काम करते."

"करतेस. काही जणांना ते आतून हळूहळू खातं. पण दुसऱ्याला लागतं तेवढंच."

भागीरथीचं हसू गेलं. तिला समजायला वेळ लागला नाही. अंगणात कोंबड्या भात टिपत होत्या, तिनं त्यांना हाकललं नाही.

"म्हंजी चंद्रीला म्यां दिलंय?"

"तुला नवऱ्याकडून आलं, नवऱ्याला मुंबईत कुणाकडून. जाणूनबुजून कोणी देत नाही."

"नि पोरीला?"

बाईंनी तांब्या बाजूला ठेवला.

"घास चावून भरवलाय म्यां तिला," भागीरथी म्हणाली. "दात नव्हते तवापासून."

"आता नको भरवू."

मग म्हातारीनं विचारलं, "चंद्री जिती हाय का वो?"

आम्हांला माहीत नव्हतं. तिलाही माहीत नव्हतं. माहेर दोन दिवसांच्या वाटेवर होतं, आणि तिथून कोणी आलं नव्हतं की इथून कोणी गेलं नव्हतं. दवाखान्यात परतल्यावर बाई म्हणाल्या, "उगीच सांगितलं का गो?"

पुढचं आम्हांला धोंडूनं सांगितलं. आईनं त्याला मुंबईहून बोलावून घेतलं, आणि बोटीतून उतरून घरी गेल्या गेल्या सासुरवाडीला पिटाळलं. चंद्रा जिवंत होती. माहेरी तिला गोठ्याशेजारी ठेवलं होतं. त्यानं तिला डोलीत घालून घरी आणलं. ती दारात उतरली तेव्हा भागीरथी घरात नव्हती. शेताच्या कडेला नांगर आणि पेंढा ठेवायचा मांगर होता, तिथे तिनं आपलं अंथरूण, मडकं आणि मशेरीची डबी नेली होती. सोनी रात्री शेजारच्या चुलतीकडे झोपू लागली.

आम्ही अधूनमधून जात असू. चंद्रा पडवीत असायची. अंगात त्राण असलं की म्हातारीची पेज ती स्वतः घेऊन जाई, मांगरासमोरच्या धोंड्यावर ठेवी आणि मागे सरकून बसे. मग भागीरथी बाहेर येई. दोघी लांब लांब बसून बोलत. धोंडू सांगायचा, एका चुलीवर होत्या तेव्हा एवढं कधी बोलल्या नव्हत्या. एकदा आम्ही पोचलो तेव्हा भागीरथी ओरडून सांगत होती की कुळीथ कसे भाजायचे, आणि चंद्रा हसत होती, खोकला येऊ नये म्हणून छाती दाबून हसत होती.

चंद्रा पुढच्या भाद्रपदात गेली. सोनी तोवर अंग धरू लागली होती. गाठी बसल्या, ताप गेला, करवंट्यांत काही दिसेनासं झालं. तसं का झालं हे बाईंनाही सांगता येत नव्हतं. "काही पोरं आपली आपण बरी होतात," म्हणत, "आपण नुसतं बघायचं." चंद्राची बातमी आली तेव्हा मी रडले. बाईंनी हातातली काचेची पट्टी धुऊन वाळत ठेवली. "घरी गेली," म्हणाल्या. "पोर दिसत होती तिला." मग पायऱ्यांवर बसल्या आणि दमले म्हणायलाही विसरल्या.

त्यानंतर बाईंनी एकटीदुकटी सून कधी तपासली नाही. कोणी सासू सुनेला पुढे करून आली की म्हणत, "घरातल्या सगळ्यांचं आणा. सासऱ्याचं, दिराचं, तुमचंसुद्धा. नाहीतर कुणाचंच नको." लोक भांडत. एका खोताला भर दवाखान्यात करवंटी मिळाली, तो आठवडाभर सगळ्यांना सांगत फिरला आणि शेवटी गुपचूप गड्याच्या हाती पाठवून दिली. काही घरं पुन्हा आली नाहीत. काही आली. टोपली भरून करवंट्या डोक्यावर घेऊन येणारी माणसं रस्त्यात दिसली की मांडवीचे लोक वाट सोडत.

त्या वयस्कर डॉक्टरांनी पुन्हा एकदा तेच विचारलं होतं, कळून उपयोग काय. या वेळी बाईंनी उत्तर दिलं. "बरं करता येत नाही. पण कळलं म्हणजे निदान चुकीच्या माणसाला घराबाहेर काढत नाहीत." आणि थोडं थांबून म्हणाल्या, "कधी कधी."

पुढे त्यांच्या डोळ्यांवर पडदा आला. आधी यंत्रातला लाल रंग दिसेना, मग माणसांचे चेहरे. रोज काच मला बघायला सांगायच्या आणि मी सांगेन ते मानायच्या, पण त्यांना ते पटत नव्हतं. "न बघता निवाडा सांगायचा नाही," म्हणाल्या, आणि दवाखाना बंद करून नागपूरकडे भावाच्या घरी गेल्या. बोटीवर चढताना मी हात धरला होता. त्या मागे वळल्या नाहीत. मागे काही दिसतही नव्हतं त्यांना.

त्या गेल्याची बातमी त्यांच्या भाच्यानं कळवली. साधा ताप आला होता, चार दिवसांत संपल्या. गावात सांगायला जावं असं फारसं कोणी नव्हतं. मी खाडीपलीकडे गेले.

भागीरथी अजून मांगरातच होती. फार खंगली होती, पण चालती-फिरती होती. सोनी शेताच्या बांधावर शेळ्या राखत होती. मी लांब बसले आणि बाई गेल्याचं सांगितलं. म्हातारीनं कधी, कशानं, काही विचारलं नाही. उठली, लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि काठी टेकत विहिरीकडे चालू लागली. मी मागे गेले. तिनं राहाट ओढून कळशी भरली, अंगावरच्या लुगड्यानिशी कट्ट्यावर बसली आणि थंड पाणी डोक्यावरून ओतून घेतलं.

"भागीरथी, अगो, तुला सोसायचं नाही ते," मी म्हटलं.

तिनं तोंडावरचं पाणी निपटलं. "घरचं मानूस गेल्यावं न्हायाला नको?" ती म्हणाली, आणि कळशी पुन्हा विहिरीत सोडली.